वेणीच्या बाह्या

सिरीयल लागली की धुरपताबाई नायिकेचं तोंड बघायच्याच नाहीत, नुसते तिचे हात बघत बसायच्या. त्या नायिकेच्या हातांवर कोपरापासून थेट बोटांच्या मुळापर्यंत लोकरीच्या घट्ट बाह्या असायच्या आणि त्यांवर विणलेली जाड वेणी. तसल्याच बाह्या त्या सुनेसाठी विणत होत्या. वेणीचा पीळ घालताना काही टाके केसांच्या आकड्यावर अडकवून ठेवायच्या, चुकलं की सगळं उसवून पुन्हा बसायच्या.

"आत्या, थंडीला स्वेटर हाय की मला," सून राजेश्री एकदा म्हणाली.

"स्वेटरची बाही सरकती. एस्टीत वरचा दांडा धरला की सरकती. फळ्यावर लिवायला हात उचलला की सरकती."

सोमवारी राजेश्री सुट्टीनंतर पहिल्यांदाच पालमच्या शाळेत शिकवायला निघाली. धुरपताबाईंनी स्वतःच्या हातानं तिला बाह्या चढवल्या. मनगटावर बांगड्यांच्या जागी उरलेला गोरा पट्टा वेणीखाली झाकून गेला. मुलाच्या दहाव्याला बायकांनी सुनेच्या बांगड्या उतरवल्या तेव्हा त्या शेजारीच बसल्या होत्या, आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या.

राजेश्रीनं मनगटावरच्या वेणीवरून बोट फिरवलं.

"आत्या, उन्हाळा लागल्यावर काय करू?"

धुरपताबाईंनी बाहीची कड बोटांपर्यंत ओढून नीट बसवली.

"तवर लोकायच्या नजरंला सवय व्हईल."