धुराचा नववा दिवस

“असीसला मी पंजाबात घेऊन जाते,” नसीब कौरने वाटी बाजूला सारली. “तिथं पोर मोकळा श्वास तरी घेईल.”

सून रूपिंदर दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबत होती. एडमंटनच्या उत्तरेची जंगलं पेटून नऊ दिवस झाले होते. आग लांब होती, धूर मात्र दारात. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या होत्या. शाळेने मुलांना मैदानावर सोडणं बंद केलं होतं. रूपिंदरचा नवरा हरबीर रोज सकाळी फोनवर हवेचा आकडा बघायचा, मास्क चढवायचा आणि ट्रक काढायला जायचा. त्यांच्या सहा वर्षांच्या असीसचा खोकला थांबत नव्हता. तिचा श्वासाचा पंप रूपिंदर आता खिशातच ठेवायची.

घरात आणखी धूर नको म्हणून फोडणीही बंद होती. नसीब कौरला हे फार लागलं होतं.

“बिनफोडणीची डाळ आजाऱ्याला घालतात,” ती हरबीरला म्हणाली. “माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं आहेच. तिचंही काढ.”

“बीजी, मे महिन्यात तिकडे केवढा उकाडा,” रूपिंदर म्हणाली.

“उकाड्याने छाती भरत नाही. तुला काय, पोरीला या डबीत कोंडून घालायचंय?”

रूपिंदरने नवऱ्याकडे पाहिलं. रविवार होता, तो घरीच होता.

“दोन महिने जाऊ दे, रूपी,” तो हळूच म्हणाला. “हिचे हाल बघवत नाहीत.”

रूपिंदर उठली आणि लेकीचे कपडे काढायला आत गेली. नसीब कौरने लगेच दिराला, जगतारला, व्हिडिओ कॉल लावला. गावची जमीन तिच्या नावावर होती आणि कसायचा तो. इकडे सकाळ, तिकडे दिवस कलला होता.

“मागची खोली झाडून ठेव,” ती म्हणाली. “नातीला घेऊन येतेय.”

“या की, भाभीजी! म्हैस नुकतीच व्यालीय. पोरीला दूध-तूप चारू, ओळखू यायची नाही तुम्हाला.”

असीस आजीच्या मांडीवर चढून बघू लागली. जगतारच्या मागचं आभाळ काळंतांबूस होतं. त्याला ठसका लागला. पगडीच्या शेवाने त्याने डोळे पुसले.

“थांबा, वारा फिरला,” म्हणत तो बाजूला सरकला. फोन कलला आणि सगळं रान पडद्यावर आलं. बांधापासून बांधापर्यंत जाळाची ओळ पुढे सरकत होती. “गहू निघाला, भाभीजी. आता काड जाळतोय. भाताला रान मोकळं करायला हवं ना!”

रूपिंदर फ्रॉकची घडी हातात घेऊन दारात उभी होती. हरबीरने मान खाली घातली.

“बीजी, तिथंही आग लागलीय?” असीसने विचारलं.

नसीब कौरने फोन बंद केला. तिने आधी सुनेकडे पाहिलं, मग नातीकडे.

“लागलेली नाही, पुत्तर,” ती म्हणाली. “दरवर्षी मीच लावायला सांगते.”