तेवीस गुण

कुंबा जोब आत आली, त्याआधीच तिच्या नावासमोरचे गुण लिहून झाले होते.

पाच मिनिटांपूर्वी उपमुख्याध्यापक सान्ने सर घड्याळाकडे बघत म्हणाले होते, "न्जाय मॅडम, शुक्रवार आहे. मला नमाजाला पोचायचंय. शेवटची मुलगी तर तुमच्याच वर्गातली. तिला नव्याने काय विचारायचं? भरून टाका." मग आवाज न बदलता, "तेवीस ठेवा. ईसातूला चोवीस आहेत, आणि तिच्या वडिलांना मुख्याध्यापकांनी शब्द दिलाय. फार कमी देऊ नका, उगाच चर्चा नको."

रोहे न्जायने शेवटच्या, बेरजेच्या रकान्यात आधी तेवीस लिहिले आणि मग मागचे सहा रकाने भरले. हेड गर्ल निवडायचा हा तक्ता तिनेच आखला होता. गेल्या वर्षी वशिल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा सभेत उभी राहून तीच म्हणाली होती: सगळ्या मुलींना तेच प्रश्न, तेवढाच वेळ, गुण तिथल्या तिथे, शाईने.

"ये, ये," सान्ने सर म्हणाले. "मॅडम, तुमची जोब आली बघा. हिला निवडलंत तर न्जायांना गावात तोंड दाखवायची सोय राहायची नाही."

जोब आणि न्जाय या आडनावांची थट्टा पिढ्यान्‌पिढ्यांची. तिचा राग धरायचा नसतो. न्जायांना भात दिसला की गणित सुचत नाही, असं कुंबा एकदा भर वर्गात म्हणाली होती, आणि सगळ्यांत जास्त रोहेच हसली होती.

आज कुंबाने फक्त खुर्ची ओढली. ती बसली. तिची नजर टेबलावरच्या तक्त्यावर गेली आणि क्षणभर तिथेच राहिली. रोहेने त्यावर तळहात ठेवला. तळहात सहा रकान्यांएवढा रुंद नव्हता. प्रयोगशाळेत ही मुलगी टेबलाच्या पलीकडून उलटी मोजपट्टी बिनचूक वाचायची, हे रोहेला आत्ता आठवलं.

"हेड गर्ल झालीस तर पहिलं काम कोणतं करशील?" तिने पहिला प्रश्न वाचला.

"मुलींच्या संडासाला आतून कडी बसवून घेईन," कुंबा म्हणाली. "आता एकीला जायचं तर दुसरीने बाहेरून दार ओढून धरावं लागतं. धरायला कोणी नसलं की मुली घरी जातात, त्या दिवशी परत येत नाहीत. मागच्या महिन्यात मी मोजल्या, अकरा जणी." तिने घडी केलेला एक कागद टेबलावर ठेवला. "दाराची मापं घेतली आहेत."

सान्ने सर हसले. "हेड गर्लने राजधानीतून, बांजुलहून येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत करायचं असतं, पोरी. कड्या नाही बसवायच्या."

"माहीत आहे, सर. पण बैठकीत तिलाच बसू देतात. आम्ही दोन वर्षं बाहेरून सांगतोय."

रोहेने दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. कुंबा प्रत्येकाचं उत्तर सावकाश, पूर्ण देत राहिली, जणू गुण अजून द्यायचेच होते. रोहेच्या हातात पेन होतं. त्याचं टोपण काढायचं काही कारण नव्हतं.

"तुला काही विचारायचंय?" हाही तक्त्यातलाच प्रश्न, शेवटचा.

"नाही, मॅडम." कुंबा उठली. खुर्ची सरळ आत सरकवून दारापर्यंत गेली आणि वळली. "ते भाताचं मी थट्टेत म्हटलं होतं. पण बावीस होतात, मॅडम. तेवीस नाही."

दार हळूच लागलं.

"घ्या," सान्ने सर हसत म्हणाले. "जाता जाता चिमटा काढलाच जोबने."

रोहेने बेरीज केली. चार, चार, तीन, चार, तीन, चार. बावीस. प्रात्यक्षिकाच्या वहीत कुणी उत्तर आधी लिहून आकडे मागून बसवले, की ते असेच कुठेतरी एकाने कमी पडतात. त्यावरूनच ती मुलांना पकडायची आणि ती वही सगळ्या वर्गाला दिसेल अशी वर धरायची.

तिने कुंबाचा कागद उघडला. दाराची रुंदी, चौकटीची जाडी, जमिनीपासून कडीची उंची. प्रत्येक माप तीनदा घेतलेलं, आणि खाली सरासरी.

"एकाने काय बिघडतंय?" सान्ने सर टोपी चढवत म्हणाले. "बावीस करा आणि द्या इकडे."

रोहेने टोपण काढलं. तेवीसवर आडवी रेघ मारली आणि शेजारी बावीस लिहिलं. आता तक्ता बरोबर होता. खाडाखोड केली तर बाजूला पूर्ण सही हवी, हा नियमही तिचाच. तिने सही केली.

सान्ने सरांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग जरा लांब धरला.

"हे एवढं बारीक काय लिहिलंय?"

"माझं नाव," ती म्हणाली.