चढणीवरचा निरोप

चेन पुन्हा निघाली आणि लियाकत सायकलवरून उतरला कसला, जवळजवळ पडलाच. खाली नुसते गोटे. पाऊस पडला तर ही नदी, एरवी रस्ता. डोंगरातल्या गावांना जायला दुसरी वाट नव्हती, आणि डांबर या बाजूला अजून कुणी पाहिलंच नव्हतं.

"खलास," तो म्हणाला. "आता मला इथेच पुरा."

"खणणार कोण? सगळा खडक आहे," मुनीर म्हणाला. "यल्ला, उठा लियाकतभाई. पुढचं गाव आपलंच."

आपलंच म्हणजे नूरुद्दीनचं. नूरुद्दीन हा लियाकतचा धाकटा भाऊ. दोघे रत्नागिरीकडून एकाच लाँचीतून दुबईला आले, एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले. मग नूरू या डोंगरात विहिरी बांधायच्या कामावर आला आणि इथल्याच मुलीशी निकाह लावून बसला. गावी त्याची सोयरीक ठरलेली होती. शब्द लियाकतने दिलेला होता. रागाच्या भरात त्याने सांगून पाठवलं, तू आम्हाला मेलास. धाकट्याने ते ऐकलं आणि मुकाट्याने मेला. थोरल्याचं सगळंच ऐकायची त्याला लहानपणापासून सवय. त्याला आता सात वर्षं झाली होती.

आता लियाकत कायमचा गावी चालला होता. आगबोट चार दिवसांत सुटणार होती. आई, हव्वाबी, बंदरावर येईल. एकटाच कसा आलास, असं ती विचारणार नाही, नुसती त्याच्या मागे बघत राहील. लियाकतला त्या बघण्याची धास्ती होती. म्हणून दुबईतल्या लोकांनी वेड्यात काढलं तरी पन्नाशीचा हा माणूस सायकल काढून निघाला. सोबतीला गाववाला मुनीर. मुनीरला फाडफाड अरबी येतं असं सगळे म्हणत. सगळ्यांत आधी मुनीर म्हणे.

वाटेत गावं लागली. दगडांची बुटकी घरं, खजुरीच्या बागा, डोंगरातून आणलेलं पाटाचं पाणी. एरवी लियाकतला घरची पोफळीची आगरं आठवली असती. आता बुडाच्या सालट्यांशिवाय त्याला काही आठवत नव्हतं. चढ आला की सायकल ढकलायची, उतार आला की ब्रेक धरून मरायचं. कोण कुणावर बसून चाललंय तेच कळेना.

नूरूच्या गावाखाली ते बोरीच्या झाडाखाली थांबले. घरं वर होती, बागा त्याहून वर. बायामाणसांच्या वस्तीत परक्याने न बोलावता चढायचं नाही, हा इथला रिवाज. शिवाय थोरल्याने धाकट्याच्या दारात आपणहून कसं जायचं, हा लियाकतचा रिवाज. एक म्हातारा कहवा आणि खजूर घेऊन आला. तो हिंदुस्थानी नूरुद्दीन ना, म्हणाला, वर पाट साफ करतोय.

मुनीरने त्याला निरोप सांगितला. भाऊ आलाय, लियाकत. कायमचा घरी चाललाय. भेटायला येतोस का?

म्हातारा काठी टेकत वर गेला. लियाकतने तोंड धुतलं, टोपी झटकली, नीट घातली. कहवा तसाच गार झाला.

बऱ्याच वेळाने म्हातारा उतरला. एकटाच. त्याने मुनीरपुढे दोन्ही हात पालथे केले आणि म्हणाला, "गाल, माफी."

माफी ऐकून लियाकत एकदम उठून उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, हा आपला शब्द नव्हे. गाल म्हणजे म्हणाला, आणि इथे माफी म्हणजे नाही. पाणी माफी. काम माफी. जागा माफी. दुबईत पाय ठेवल्यापासून तो हेच ऐकत आला होता.

"नाही म्हणाला," मुनीर खाली बघत म्हणाला.

"कळलं मला."

त्याने सायकल फिरवली. राग आला असता तर बरं झालं असतं, पण रागालाही अंगात थोडा दम लागतो. आईला काय सांगायचं तेवढं ठरवायचं होतं. सापडला नाही म्हणून सांगू, त्याने ठरवलं. दोघे उतरणीला लागले.

पहिल्या वळणावर मुनीरला गप्प राहवेना. "म्हातारा भला हो. म्हणे, त्याच्या तोंडातून आलं तेवढंच आणलंय, पदरचं काही नाही. निरोप ऐकून तुमच्या भावाने कुदळ टाकली न् मटकन खाली बसला. बराच वेळ बसून होता म्हणे. मग तेवढा एकच शब्द बोलला."

लियाकतने ब्रेक दाबला. मागचा मुनीर त्याच्यावर आदळता आदळता वाचला.

"त्याच्या तोंडातला शब्द?"

"हो, नूरूचाच. का?"

लियाकतने सायकल गोट्यांत आडवी टाकली आणि चढण चढायला लागला. न बोलावता, घरांच्या दिशेने, सरळ.

"अहो लियाकतभाई, रिवाज आहे! आणि कशाला जाताय? सात वर्षं या लोकांत काढली त्याने. आता तो अरबीच बोलणार!"

"त्यांच्याशी बोलत असेल," लियाकत मागे न बघता म्हणाला. "माझ्याशी कशाला अरबीत बोलेल तो?"