कपबशा वाजल्या

“हाललं! अगं बाई, हाललं! पळा!”

भागम्मा ओरडल्या आणि हातातला चहा सांडत अंगणात धावल्या. त्या चुडाव्याहून झरीला आल्या होत्या, लेकासाठी मुलगी बघायला. त्यांच्यामागे त्यांचे यजमान धावले, मग मुलीचे वडील बसवराजअप्पा, मग आई, मग मावशी. उंबऱ्यात अशी चेंगराचेंगरी झाली की अप्पांचा एक पाय मावशीच्या चपलेत शिरला तो तसाच बाहेर गेला. बैठकीत राहिली फक्त नवरी मुलगी त्रिवेणी, चहाचा ट्रे हातात धरून. आणि समोर खुर्चीवर नवरा मुलगा शिवकांत.

दिवाळीच्या आधी एकदा जमीन खरोखर हादरली होती. तेव्हापासून या भागातल्या माणसांचे कान भांड्यांकडेच लागलेले. झरीत तर घरोघरी मांडणीवर रिकामे पेले उपडे, एकावर एक रचून ठेवलेले. ते खणखणले की बाहेर पळायचं. मांजरानं पाडले तरी आधी पळायचं आणि मग मांजराला शिव्या द्यायच्या.

त्रिवेणीला मात्र भूकंपाचं काही पडलं नव्हतं. तिला धास्ती होती ती कपांची. मागचे पाहुणे आले तेव्हा चहा देताना तिचा हात थरथरला होता, कप वाजले होते, आणि “पोरीला काहीतरी दुखणं हाय” असा निरोप आला होता. म्हणून आज आईनं सकाळपासून तिच्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेले ग्लास देऊन तिला घरभर फिरवलं होतं. आणि या खेपेला तिचाही जीव अडकला होता. शिवकांत तिला फोटोतच आवडला होता. फोटोत तो कॅमेऱ्याकडे न बघता बाजूच्या शेळीकडे बघून हसत होता. असला माणूस हातचा घालवायचा म्हणजे काय! तिनं सगळ्यांना नीट चहा दिला. शेवटी शिवकांतसमोर ट्रे धरला, त्यानं कपाला हात लावला आणि खण्‌खण्‌खण्‌! मेले कप नेमके तिथंच वाजले.

बाहेर तोवर सगळी गल्ली गोळा झाली होती. शेजारचा मुंजाजी दाढी करता करता अर्ध्या गालाला साबण घेऊनच आला. “येलदरीकडून आला आन् सरळ पूर्णेकडं गेला,” तो हातातल्या वस्तऱ्यानं दिशा दाखवत म्हणाला, जणू एसटीच बघितली होती त्यानं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या बरणीतल्या गोळ्या नाचल्या होत्या. समोरच्या कुसुमबाईंच्या म्हशीला तर आधीच कळलं होतं. “म्या म्हणलं, हिला आज काय झालंय, सारखी वरडायलीय!” बसवराजअप्पांच्या पायातून मुंग्या गेल्या होत्या. आता तासभर मांडी घालून बसल्यावर कुणाच्याही जातील, पण ते सांगणार कोण?

“आजून डोलायलीय बघा जमीन!” भागम्मा गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून म्हणाल्या. आणि खरोखर चौघंपाचजण डोलले. एकानं तर अंगणातल्या निंबाच्या झाडाला मिठी मारली.

आत त्रिवेणीला हे सगळं ऐकू येत होतं. तिला हसू येत होतं आणि रडूही. गप्प राहिलं तर सुटका होती. भूकंपानं कप वाजले म्हटल्यावर तिच्या हाताला नाव कोण ठेवणार? पण समोरचा माणूस वीतभर अंतरावरून बघत होता. आणि या माणसाशी पहिलंच बोलणं खोटं, हे काही तिला सोसेना.

“एक सांगू का?” ती म्हणाली. “जमीनबिमीन काई हालली न्हाई. माझा हात हाललाय. मागचे पावणे याच्याच पायी परत गेले. तुमाला बाहेर सांगायचं असंल तर सांगून टाका.”

शिवकांत उठला. गेला, त्रिवेणीच्या मनात आलं. संपलं सगळं. पण तो दाराकडे गेला नाही. तिच्यासमोरच उभा राहिला.

“ट्रे धरा बरं नीट.”

तिनं धरला. बाहेर एवढा गलका, पण कप गप्प. तिनं स्वतःच्याच हातांकडे बघितलं. मागचे पाहुणे गेल्यापासून ज्यांना ती कापरे समजत होती, ते जरासुद्धा हलत नव्हते. मग शिवकांतनं बोट पुढं करून कपाच्या कानाला लावलं.

खण्‌खण्‌खण्‌खण्‌!

“बघितलं का? माझा हाय त्यो.” त्याचे कान लालभडक झाले होते. “आधी दोन ठिकाणी पोरी बघून आलोय. तवा बशीसुदिक वाजली न्हाई. इथं तुमी दारातून आत आलात, आन् तवापासून हे असं व्हायलंय.”

“आन् मी आपली माझ्याच हाताला बोल लावायलेय!” त्रिवेणी हसत सुटली. इतकी हसली की ट्रे खाली ठेवावा लागला. “मला चालंल असला हात.”

“खरंच?”

“आता काय लिहून देऊ?”

कपांचा आवाज अंगणापर्यंत गेला होता. मग भागम्मांचा घाबरा आवाज आला, “शिवा! आरं, दुसरा आला का रं?”

“आला, अव्वा!” शिवकांत आतूनच ओरडला. “लय जोराचा हाय! आता सुपारी फोडल्याबिगर थांबायचा न्हाई ह्यो!”