आवो, कागद सरला

"आवो, कागद सरला. या बरं."

मशीन एकदम बोललं आणि किशनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. कागदाचा ट्रे तर त्यानं आत्ताच काठोकाठ भरला होता.

रस्त्यापलीकडे तहसीलच्या फाटकाशी टेबल मांडून धनराज लोकांचे अर्ज लिहीत होता. तो तिकडूनच "आलो, आलो" म्हणाला आणि लगबगीनं दुकानात आला. आत एक गिऱ्हाईक सातबारा घेऊन उभं होतं. धनराजनं त्याला काय हवं-नको ते विचारलं, प्रती काढून दिल्या आणि परत टेबलाकडे गेला. ट्रेकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

किशन अकोल्याहून मंगरूळपीरला हे जुनं झेरॉक्सचं मशीन दुरुस्त करायला आला होता. धंद्यात त्यानं एकेक नमुने पाहिले होते. कुठल्या मशीनला टेलिफोनचा रिसीव्हर टांगलेला, कुठलं काम झालं की गाणं वाजवणारं. बनवणाऱ्यांना काय हौस होती देव जाणे! ह्यात आपला आवाज भरायची सोय होती. कागद संपला, झाकण उघडं राहिलं, की तुम्ही भरलेलं वाक्य ते बोलणार. ज्या हापिसातून हे लिलावात निघालं, तिथं ती सोय कुणी वापरलीही नसेल.

इथं मात्र वापरली होती, आणि वर शहाणपणा केला होता. मशीनमधून वायर काढून छताजवळ मोठा भोंगा बसवला होता, त्याचं तोंड रस्त्याकडे. त्या भोंग्याच्या ओझ्यानंच मेन बोर्ड तापत होता आणि मशीन मधेच बंद पडत होतं. दाखल्यांच्या हंगामात बोर्ड जळला असता, तर दुसरा कुठं मिळणार नव्हता. म्हणजे दुकानालाच कुलूप.

मशीनशेजारच्या स्टुलावर एक बाई कागदांना टाचण्या लावत बसली होती. जूनचा उकाडा, तरी गळ्याला स्कार्फ. पण वऱ्हाडातल्या उन्हात कोण बांधत नाही? मशीन केव्हापासून बंद पडतं, असं किशननं तिला विचारलं. तिनं नुसतं धनराजकडे बोट दाखवलं. पाणी मागितलं, तर गिलास पुढे केला. भलतीच घुमी बाई कामाला ठेवली यानं, असं किशनच्या मनात आलं.

दुपारपर्यंत मशीननं आणखी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा ट्रे भरलेला, दोन्ही वेळा धनराज "आलो, आलो" करत हजर. मशीनला हळदीकुंकवाची बोटं होती, वर जास्वंदीचं ताजं फूल. किशनला काय ते उमगू लागलं.

त्यानं भोंग्याचा विषय काढला, तेव्हा धनराजनं बाईकडे एक नजर टाकली आणि त्याला बाहेर चहाच्या टपरीवर नेलं.

"रेणूचा आवाज हाय तो. माह्या बायकोचा," तो हळूच म्हणाला. "मशीन आणलं तवा तिनं हौसेनं भरला. लय बोलकी होती. पुढच्याच साली गळ्याचा कॅन्सर निघाला. नागपूरले ऑपरेशन केलं, पन..."

त्याचे डोळे भरून आले. दुःखातल्या माणसाकडून पुढचं वदवून घेऊ नये, एवढी रीत किशनला ठाऊक होती. त्यानं धनराजच्या हातावर हात ठेवला. "राहू द्या भाऊ. नका सांगू."

"आता एवढाच उरला," धनराज म्हणाला. "बोर्ड जयला त जयू दे. ते काढू नको."

मोबाइलवर आवाज उतरवून देतो, असं किशन म्हणाला. त्यावर धनराज कसनुसा हसला. मोबाइलचा आवाज रस्त्याच्या पलीकडे येतो काय, म्हणाला, आणि उठून अर्ज लिहायला गेला.

किशनचा जीव तुटला. त्याचे वडील गेल्यावर आईनं त्यांच्या चपला दोन वर्षं दारात ठेवल्या होत्या. शेवटी त्यानंच त्या उचलल्या. ती दिवसभर रडली, पण दुसऱ्या दिवसापासून नीट जेवू लागली. कुणाला तरी त्या उचलाव्याच लागतात.

बाई मागच्या खोलीत भाकर खायला गेली होती. किशननं आधी तो आवाज मोबाइलवर उतरवला, तेवढी माणुसकी त्याच्यात होती. मग आवाजाचं कार्ड उपसलं. कार्डावरचा बारका सेल निघाला की भरलेलं सगळं पुसलं जातं, हे त्याला माहीत होतं. त्यानं तो काढला. मशीन सुरू केलं, तर ते कसं सरसर चालू लागलं! आपण पुण्याचं काम केलं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

बाई येऊन स्टुलावर बसली. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतली कस्तुराबाई पेन्शनचा अर्ज लिहून घ्यायला आली. बाई तिच्याकडे पाहून हसली. मग हात खाली नेऊन तिनं ट्रे हळूच बोटभर ओढला आणि वाट पाहत राहिली.

काहीच झालं नाही.

तिनं ट्रे आत ढकलला, पुन्हा ओढला. मग सगळाच बाहेर काढला. कोरे कागद फरशीवर पसरले. किशन पाहतच राहिला.

बाई घाईनं दाराशी गेली. स्कार्फ खांद्यावर घसरला. गळ्याच्या खळग्यात भोक होतं आणि त्यात पांढरी नळी. तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, नुसती हवा बाहेर आली. रस्त्यावरून ट्रक चालले होते आणि पलीकडे धनराज मान खाली घालून लिहीत होता.

"काहून वं रेणू," कस्तुराबाईनं विचारलं, "आज हाक नाही मारत त्याले?"