चौथी दिशा

लोवेना गेल्याचं गावाला दुपारी कळलं. तिच्या नवऱ्याला, डेन्झिलला ते सकाळीच, बागेच्या फाटकातून दिसलं होतं. मेंढी विताना अडली होती. लोवेनाचा हात लहान, आत सहज जायचा, म्हणून तो तिला बोलवायला आला होता.

फेब्रुवारीचा पहिला दिवस, तिच्या जुन्या, निसर्ग पूजणाऱ्या पंथाचा सण. सफरचंदाच्या झाडांमध्ये तिने पिठाचं रिंगण आखलं होतं, चार दिशांना बोलावून चार मेणबत्त्या लावल्या होत्या. आणि पूर्वेच्या मेणबत्तीपाशी ती पडली होती, अनवाणी. डेन्झिल धावत आत शिरला, तिला उचलून घरात घेऊन आला.

रिंगण असं तुडवायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. सुरीने हवेत दार कापायचं आणि मग आत जायचं. एवढ्या वर्षांत तो कधी आत गेलाच नव्हता. चहा झाला की कुंपणापलीकडून ओरडायचा, ‘‘चेटकीणबाई, तुमचे पाहुणे गेले का?’’ ती हात हलवून त्याला हाकलायची.

बोडमिनहून डॉक्टर आले नि गेले. मग गाडी येऊन तिलाही घेऊन गेली. डेन्झिलने किटली चढवली आणि विसरला. गोठ्यात गेला, तर मेंढी त्याच्याशिवायच मोकळी झाली होती. परत घरात आला. खुर्चीत बसला, उठला, पुन्हा गोठ्याकडे निघाला.

दारात हेस्टर भेटली. ती गावात टपाल वाटायची, आणि लोवेनाचे सगळे सण तिच्यासोबत करायची. टपालाचं जाकीट अजून अंगावरच होतं. केशराचा पाव टेबलावर ठेवून तिने रडून घेतलं. मग खिडकीतून तिला बाग दिसली. रिंगण तसंच आहे, ती म्हणाली. बोलावलेल्यांना निरोप दिलेला नाही. तो दिल्याशिवाय गेलेल्या माणसाला स्वस्थता नाही, मागे राहिलेल्यालाही नाही.

डेन्झिल म्हणाला, पाऊस येईल, पीठ धुऊन जाईल. पिठाचा काही संबंध नाही, असं हेस्टर म्हणाली.

‘‘मग तूच पाठव त्यांना.’’

‘‘मी कुठे होते तिथे? आणि मोडलंस तू. घुसलास ना सरळ, बैलासारखा.’’

‘‘बायको पडली होती, हेस्टर. दार कापत बसू?’’

हेस्टरने जाकिटाच्या बाहीने डोळे पुसले. ‘‘नाही रे. मीही तेच केलं असतं. पण आता तिचं म्हणून तूच आहेस. शब्द तुला येतात. कुंपणाआड उभा राहून ऐकायचास, ते तिला माहीत होतं.’’

तिला माहीत होतं, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. तो थोडा वेळ टेबलाची कड धरून उभा राहिला. मग टोपी घेतली.

बोलावणं पूर्वेपासून सुरू होतं आणि निरोप उलट्या क्रमाने देतात, म्हणून तो उत्तरेपासून निघाला. मेणबत्तीवर फुंकर घालायची नाही, चिमटीत विझवायची. ‘‘आलात, बरं वाटलं. सुखरूप जा,’’ तो म्हणाला. लोकर कातरायला आलेल्या गड्यांना निरोप द्यावा तसा त्याचा आवाज होता. पश्चिमेची मेणबत्ती वाऱ्याने कधीच विझली होती. तिलाही तो तेच म्हणाला. मग दक्षिण. बोटं पोळली, पण त्याने हात झटकला नाही.

पूर्वेला गवत दबलेलं होतं. मेणबत्ती बोटभर उरली होती, पण जळत होती. हेस्टर कुंपणाबाहेर मान खाली घालून उभी होती. डेन्झिलने हात पुढे केला. एवढी विझली की लोवेनाने सकाळी मांडलेलं सगळं संपणार होतं.

त्याने हात मागे घेतला.

‘‘ही राहू दे,’’ तो म्हणाला.

‘‘असं अर्धवट सोडत नाहीत, डेन्झिल. तिचा तरी विचार कर.’’

‘‘तोच करतोय.’’

हेस्टर निघून गेली.

मेणबत्ती त्या संध्याकाळी आपोआप विझली. पीठ पावसाने नेलं. आता सफरचंदंही उतरवून झाली. हेस्टर टपाल द्यायला येते तेव्हा बागेकडे बघते. डेन्झिल चहा अर्धा टाकून उठतो, फाटकापर्यंत जातो आणि परत येतो. मेंढ्या तो वरच्या वाटेने नेतो, बागेतून नाही.

पूर्वेला निरोप द्यायचा राहिला आहे.