दसऱ्याचा नारळ

यंत्रालाही आत्मा असतो, असं वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करून जयवंतचं ठाम मत झालं होतं. हा आत्मा बहुतेक वेळा रॅमच्या पट्टीत असतो. पट्टी काढून तिची सोनेरी कड शाळेच्या खोडरबराने पुसली की तो परत येतो.

"वाट लागली का रे?" वनमालाकाकूंनी मागून विचारलं.

नाहूरच्या त्या चौथ्या मजल्यावर सीपीयूचा डबा झाकण काढून आडवा ठेवला होता. शेजारी झेंडूची फुलं, हळदकुंकू आणि ओलं फडकं.

"नेमकं काय सांडलं, काकू?"

"नारळाचं पाणी. काल दसरा नव्हता?"

काकूंचे यजमान सीताराम. गिरणी सुटली तरी त्यांनी दसऱ्याला हत्यारं पुजायची सोडली नव्हती. पाना, हातोडी, पुढे मुलाने आणलेला हा कॉम्प्युटर. सगळ्यांपुढे ते मालवणी गाऱ्हाणं घालत आणि नारळ फोडत. त्यांचं शेवटचं गाऱ्हाणं मुलाने याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं आणि तो कॅनडाला गेला. सीताराम त्याहून लांब गेले. तेव्हापासून काकू दसऱ्याला तो आवाज लावत, अधूनमधून 'व्हय म्हाराजा' म्हणत, आणि नारळ स्वतःच फोडत.

"आवाज दुसरीकडे कुठे ठेवलाय?"

"नाय रे. याच्यातच काय तो."

"पाणी पडलं तेव्हा चालू होता?"

"छे. बंद केलेला. प्लगपण काढलेला."

"मग वाचलात," जयवंत म्हणाला. असं गिऱ्हाईक त्याला वीस वर्षांत भेटलं नव्हतं. लोक धूर निघाल्यावर प्लग शोधायला लागतात.

आत फार काही नव्हतं. चार थेंब पत्र्याला, दोन पंख्याला. चिकटपणा नाही, एक मुंगी नाही. त्याने सगळं पुसलं, ब्लोअर मारला, पट्टी काढून खोडरबर फिरवलं. पाव तासाचं काम. आता पट्टी बसवायची आणि बटण दाबायचं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला.

"हात धू. जेवून जा," काकू म्हणाल्या. "मागच्या खेपेला माऊस बदललास नि दहा मिनिटांत पळालास. चहापण नको म्हणे."

जयवंतच्या मुलुंडच्या खोलीत गॅस होता, पण बायको जालन्याला माहेरी जाऊन तिथलीच झाल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, त्यावर चहाखेरीज काही चढलं नव्हतं. त्याने पहिला घास घेतला आणि थांबला.

"काकू, हे तर आमच्या घाटावरचं वाटण. सुकं खोबरं भाजून."

"तोच कालचा नारळ. फोडला तर आत गोटा. खोबरं सुकून करवंटीपासून सुटलेलं. देवाचा नारळ टाकायचा कशाला, म्हणून भाजून वाटला. बरं झालंय?"

"आईची आठवण झाली."

"मग लाजतोस काय? वाढू?"

तिसऱ्या भाकरीनंतर जयवंत बाहेरच्या खोलीत आला. रॅमची पट्टी हातात घेतली, थोडा वेळ पाहिली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"काकू, आत ओल आहे. आठ दिवस सुकू दे. रविवारी येतो."

"सावकाश होऊ दे," काकू म्हणाल्या. "पण नक्की ये हां."

पुढचा रविवार आला. त्याच्या पुढचाही. जयवंत ठणठणीत कोरड्या डब्यावर अर्धा तास ब्लोअर मारायचा, सुस्कारा सोडायचा आणि हात धुवायचा. घावणे झाले, तिरफळं घातलेला बांगडा झाला. काकू लिफ्टला शिव्या द्यायच्या, मुलाच्या फोनची वाट बघायच्या, फोन आला नाही की कामात असेल म्हणायच्या. जयवंतही आपल्या बायकोबद्दल तेच म्हणायचा.

"अरे, तुझा कॉम्प्युटर सुकेपर्यंत माझे पापड सुकून, तळून, खाऊन झाले," चौथ्या रविवारी काकू म्हणाल्या. "आवाज येईल ना पण?"

"येणार. घाई केली तर जाईल."

इतकं खोटं तो गॅरंटीबद्दलसुद्धा कधी बोलला नव्हता.

पाचव्या रविवारी स्क्रीनला झेंडूचं फूल लावलेलं होतं.

"उद्या यांची तिथी," काकू म्हणाल्या. एवढंच.

त्या दिवशी जयवंतने ब्लोअर काढलाच नाही. त्याने खिशातली पट्टी जागेवर बसवली, प्लग लावला, बटण दाबलं. पंखा घरघरला. स्क्रीन उजळली. काकूंनी चष्मा चढवून फाइल उघडली.

"बा देवा म्हाराजा," खोलीत एक खर्जातला आवाज घुमला, "ह्या घराच्या दारात इलेलो मानूस उपाशी जाव नये, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," काकू म्हणाल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. जयवंत प्लगकडे बघत राहिला.

जेवण नेहमीपेक्षा लवकर उरकलं. दाराशी त्याने चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली.

"आता झकास चालेल, काकू. परत काही झालं तर फोन करा."

"करीन की," काकू म्हणाल्या. "यंत्र आहे. काहीही होतं."

जिना उतरताना त्याला स्वतःची लाज वाटली. एकट्या बाईचा नवऱ्याचा आवाज त्याने पाच आठवडे खिशात घालून हिंडवला, कशासाठी, तर जेवणासाठी. आता रविवारी आपलं आपण रांधायचं, असं त्याने ठरवलं. सुरुवात त्या वाटणापासून.

नाहूर स्टेशनबाहेरच्या नारळवाल्यापाशी तो थांबला.

"असा नारळ द्या, की आतलं खोबरं सुकं निघेल. पाणी थोडं कमी असलं तरी चालेल."

नारळवाल्याने एक नारळ कानाशी नेऊन हलवला. आत खोबऱ्याचा गोळा टकटक आपटला.

"हा घ्या गोटा," तो म्हणाला. "आणि पाणी कमी कसलं, साहेब? गोट्यात पाणी नसतंच."